पिस्तुलाचा क्राऊन पुन्हा कापून घेणे परवडते का? खर्चाआधी करावयाची तपासणी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका टूलरूममध्ये मी २६ वर्षे लेथ चालवली आणि गेली ११ वर्षे .२२ (म्हणजे ०.२२ इंच मापाच्या नळीच्या) पिस्तुलाने २५ मीटरवर नेमबाजी करीत आहे. या दोन्ही गोष्टी ठाऊक असल्यामुळे ओळखीचे लोक मला एक प्रश्न वारंवार विचारतात. पिस्तुलाच्या नळीचा क्राऊन, म्हणजे तोंडाची शेवटची कड, पुन्हा कापून घेतला तर नेम सुधारेल का, आणि सुधारला तरी तो खर्च परवडेल का? विचारणाऱ्यांत माजी सैनिक असतात, स्वसंरक्षणाचा परवाना असलेले व्यापारी असतात आणि नव्याने खेळाकडे वळलेली मुलेही असतात. स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक मिळवल्यापासून या मुलांची संख्या वाढल्याचे मला दिसते. तो शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातला असल्याने आपल्याकडच्या मुलांना तो घरचाच वाटतो.

माझे उत्तर असे आहे. काम लहान आहे आणि नीट झाले तर उपयोगाचेही आहे. परंतु दोष क्राऊनमध्येच आहे याची खात्री पटल्याशिवाय ते करून घेऊ नये. ही खात्री मालकाने स्वतः करून घ्यावी, कारण त्यासाठी लेथ लागत नाही. भिंग, कापूस, वाळूच्या पिशव्या आणि थोडी चिकाटी पुरते.

क्राऊन म्हणजे नेमके काय

नळीच्या आत पीळदार चर असतात आणि दोन चरांच्या मध्ये उंचवटे असतात. गोळी या उंचवट्यांत रुतून स्वतःभोवती फिरत पुढे सरकते. हे चर आणि उंचवटे नळीच्या तोंडाशी जिथे संपतात ती शेवटची कड म्हणजे क्राऊन. गोळीचे बूड या कडेवरून सुटते त्या क्षणी तिच्यामागचा तापलेला वायू गोळीहून अधिक वेगाने बाहेर पडतो. कड सगळीकडे सारखी असेल तर तो बुडाच्या चहूबाजूंनी एकाच वेळी सुटतो आणि गोळीची दिशा बिघडत नाही. कडेला एका जागी खाच असेल तर वायू तेथून आधी निसटतो, बुडाला एका बाजूने धक्का बसतो आणि गोळी डोलतच निघते. मळ्यातल्या पाइपाच्या तोंडाचा एका बाजूने टवका उडाला की पाण्याची धार जशी त्या बाजूला फाटते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे सारे एका निमिषात घडते आणि डोळ्यांना दिसते ते फक्त लक्ष्याच्या कागदावर.

क्राऊनचे आकार अनेक आहेत. काही सपाट असतात, काहींना ११ अंशांचा उतार दिलेला असतो, काही आत खोलगट बसवलेले असतात, तर काही गोलसर असतात. कोणता आकार उत्तम यावर नेमबाज तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. कड नळीच्या आसाशी काटकोनात असावी, भोकाशी एककेंद्री असावी आणि तिच्यावर बर (कापताना उरणारी धातूची बारीक धार) राहिलेली नसावी. एवढे साधले की आकार कोणताही चालतो. खोलगट आकाराचा फायदा असा की पिस्तूल तोंडावर आपटले तरी मार बाहेरच्या कडेला बसतो आणि आतली कड वाचते.

आपल्याकडे तो खराब कसा होतो

गोळ्या मारून मारून क्राऊन झिजण्याचे प्रमाण पिस्तुलात फार कमी आहे. .२२ ची गोळी मऊ शिशाची असते आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ३४० मीटर असतो. तेवढ्याने पोलादाची कड सहसा बिघडत नाही. कड बिघडते ती बहुधा आपल्या हाताने, सफाई करताना. रिव्हॉल्व्हर आणि फ्रेमला नळी कायमची जोडलेली पिस्तुले मागच्या बाजूने साफ करणे अवघड असल्यामुळे सळई तोंडाकडून आत घातली जाते, आणि ती दर वेळी कडेच्या एकाच बाजूला घासते. अॅल्युमिनियमची सळई मऊ असल्याने निर्धोक वाटते. परंतु तिच्या मऊ अंगात धुळीचे कण रुतून बसतात आणि मग ती कानशीसारखे काम करते.

दुसरे कारण आपल्या पावसाचे आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या कपाटातले कपडेसुद्धा ओलसर राहतात. अशा दिवसांत पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून तिजोरीत ठेवले तर चामडे ओल धरून ठेवते आणि चामडे कमावताना वापरलेले क्षार गंज वाढवतात. होल्स्टरच्या तळाशी टेकलेले असते ते नळीचे तोंड, आणि नेमका तेथेच पहिला डाग पडतो. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करावी लागतात तेव्हाही हीच काळजी घ्यावी: देताना नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्यावा, होल्स्टर घरी ठेवावा, आणि परत मिळाल्याच्या दिवशीच तोंड तपासावे.

खानापूरजवळ राहणारे आमचे एक काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे .३२ चे परवान्याचे पिस्तूल आहे. ‘नेम राहिला नाही, वय झालं माझं,’ असे ते दोन वर्षे म्हणत होते. एका दिवाळीत त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या देखत, मी ते भिंगाखाली पाहिले. घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगायचे तर सातच्या जागी, कडेला मोहरीच्या निम्म्याएवढा तपकिरी खड्डा पडला होता आणि गंजाची बारीक रेघ तेथून एका चरात शिरली होती.

“काका, हे शेवटचं कधी पुसलंत?”

“गणपतीच्या आधी. त्यानंतर होल्स्टरमधून काढलंच नाही.”

गणपती भाद्रपदातले, आणि आम्ही बोलत होतो ते दिवाळीत. मधले सगळे आठवडे ओलीचे गेले होते.

दोष क्राऊनचाच आहे हे कसे ठरवावे

प्रथम मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावा आणि बोट घालूनही चाचपावा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर बाहेर काढून सर्व घरे रिकामी असल्याची खात्री करावी. काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत. तोंडाकडून नळीत पाहायचे असल्यामुळे हा नियम एकदाही मोडू नये.

त्यानंतर नळी स्वच्छ करावी, आणि ती अर्धवट नको. क्राऊनभोवती काजळीचे आणि शिशाचे कडे जमलेले असते. ते तसेच ठेवून पाहिले तर घाणीलाच खाच समजण्याची चूक होते. कडे सुटण्यासाठी तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कापडाने पुसावे. पोलादी ब्रश तोंडाला लावू नये.

स्वच्छ कडेवर दहापट भिंगाने, बाजूने प्रकाश टाकून पाहावे. मग कान साफ करण्याची कापसाची काडी आत अर्धा सेंटिमीटर घालून प्रत्येक उंचवट्यावरून हळूहळू बाहेर ओढावी. कड निर्दोष असेल तर कापूस सरळ निघून येतो. बर किंवा खाच असेल तर तेथे एखादा तंतू अडकून राहतो. काकांच्या पिस्तुलात सातच्या जागी दर वेळी तंतू अडकत होता आणि उरलेल्या पाच उंचवट्यांवर एकदाही अडकला नाही. असा एकाच ठिकाणचा, पुन्हा पुन्हा मिळणारा पुरावा हवा. सगळीकडे थोडे थोडे तंतू अडकत असतील तर बहुधा सफाई अपुरी झालेली असते.

रेंजवर आणखी एक खूण मिळते. स्वच्छ नळीतून दहा-पंधरा गोळ्या मारल्यावर तोंडाच्या सपाटीवर काजळीचा तारा उमटतो, कारण वायू चरांतून किंचित आधी सुटतो. जितके चर तितकी किरणे, आणि ती लांबीने साधारण सारखी असावीत. एका बाजूचे किरण ठळक आणि लांब, समोरच्या बाजूचे पुसट, असे दिसले तर वायू एकीकडून अधिक सुटत आहे असे समजावे. ही खूण एकटी पुरेशी नाही, पण कापसाने दाखवलेली जागा आणि ताऱ्याने दाखवलेली बाजू जुळली तर शंका फारशी उरत नाही.

एवढे करूनही घाई करू नये, कारण ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका) फाकण्याची याहून साधी कारणे कितीतरी आहेत, आणि येथे मला माझा स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. नेमबाजीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या .२२ चा ग्रुप अचानक फाकू लागला. भिंगाखाली मला कडेवर एक ओरखडा दिसला आणि मी लगेच एका परवानाधारक कारागिराकडून क्राऊन कापून घेतला. ग्रुप तसाच राहिला. तीन आठवड्यांनी मागच्या साईटचा (नेम धरण्याच्या खाचेचा) स्क्रू बोटाने फिरतो आहे हे लक्षात आले. तो आवळला आणि सारे पूर्ववत झाले. ओरखडा खरा होता, पण तो कडेच्या बाहेर होता आणि गोळीशी त्याचा संबंध नव्हता. तेव्हापासून मी आधी साईटचे स्क्रू, मग मुठीचे स्क्रू, मग स्लाइड आणि नळी यांतील ढिलाई, आणि रिव्हॉल्व्हर असल्यास सिलिंडर प्रत्येक घरावर नळीशी नीट जुळतो की नाही, हे सर्व पाहिल्यावरच तोंडाकडे वळतो.

काडतुसांचाही विचार करावा. .२२ च्या नळीला एका बनावटीची काडतुसे मानवतात आणि दुसऱ्या बनावटीची मानवत नाहीत, हे प्रत्येक नेमबाजाने पाहिलेले असते. निदान दोन प्रकारची, आणि प्रत्येक प्रकाराची एकाच बॅचची काडतुसे वापरून पाहावीत. कागदावरची भोके गोल न येता लांबट येत असतील तर गोळी आडवी होत आहे. अशा वेळी नळी आतून झिजलेली असण्याची किंवा गोळी नळीला सैल असण्याची शक्यता अधिक असते, आणि नुसता क्राऊन कापून पैसे वाया जातात.

हात किती, पिस्तूल किती

पिस्तुलाची परीक्षा हातात धरून होत नाही. अधिकृत रेंजवर, वाळूच्या पिशव्यांवर मनगट आणि फ्रेम टेकवून, पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारावेत आणि प्रत्येकातील सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजून सरासरी काढावी. एका ग्रुपवर विसंबू नये. तेच पिस्तूल, तीच काडतुसे आणि तोच माणूस असूनही पाच गोळ्यांच्या दोन ग्रुपांमध्ये दुपटीचा फरक सहज पडतो. यानंतर तसेच पाच ग्रुप उभे राहून, नेहमीच्या पद्धतीने मारावेत.

आता हिशेब पाहा, कारण खर्च परवडतो की नाही हे येथेच ठरते. हाताची चूक आणि पिस्तुलाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही; दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी लागते आणि मग वर्गमूळ काढावे लागते. समजा, २५ मीटरवर नवशिक्याच्या हाताचा पसारा ८० मिलिमीटर आहे आणि बिघडलेल्या क्राऊनमुळे पिस्तुलाचा पसारा ४० मिलिमीटर आहे. दोन्ही मिळून कागदावर सुमारे ८९ मिलिमीटरचा ग्रुप येईल. क्राऊन कापून पिस्तुलाचा पसारा २५ वर आणला तर कागदावर सुमारे ८४ येईल, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा फायदा. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ५० मिलिमीटरने मोठे होत जाते; तेथे हा फायदा त्याला गुणांमध्ये जाणवणारही नाही.

हेच पिस्तूल ज्याच्या हाताचा पसारा ३५ मिलिमीटर आहे अशा तयार नेमबाजाकडे दिले तर आकडे बदलतात. आधीचा ग्रुप सुमारे ५३ आणि नंतरचा ४३ येतो. दहा मिलिमीटरचा हा फरक त्याच्या गुणांवर परिणाम करतो. म्हणून नवशिक्याला मी सांगतो की क्राऊनच्या पैशांतून काडतुसे घ्या आणि सराव करा. घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव तर फुकट होतो, फक्त .२२ सारख्या रिमफायर (पिन काडतुसाच्या कडेवर आपटते अशा) पिस्तुलात डमी काडतूस घालावे, नाहीतर पिनेचा घाव चेंबरच्या कडेवर बसून नवाच दोष तयार होतो.

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. काकांच्या पिस्तुलाचा १५ मीटरवर, पिशव्यांवरून, सरासरी ग्रुप ११० मिलिमीटर आला होता. ज्या कामासाठी ते पिस्तूल आहे त्याला एवढा नेम पुरेसा होता. तरीही मी त्यांना क्राऊन कापून घ्या म्हणालो, कारण गंज चरात शिरला होता. कडेपाशी असेपर्यंत तो पाव-अर्धा मिलिमीटर धातू काढून निघतो. आणखी दोन पावसाळे गेले असते तर नळीच बाद झाली असती.

दहा मीटरच्या एअर पिस्तुलांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्या कडेवरून तापलेला वायू जात नाही आणि गंजाचे निमित्तही कमी असते. त्यांचा क्राऊन बिघडतो तो पडल्यामुळेच. तसे झाले तर उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे पाठवावे.

खर्च कशाचा असतो

लेथवर काम केल्यामुळे मला एक गोष्ट ठामपणे सांगता येते. क्राऊन कापायला दहा मिनिटे लागतात. नळी लेथवर बरोबर बांधायला तास-दीड तास लागतो. आपण पैसे देतो ते या बांधणीचे. जो कारागीर फार स्वस्तात करून देतो तो बहुधा बांधणीत वेळ वाचवतो, आणि एककेंद्री नसलेला नवा क्राऊन जुन्या खाचेपेक्षा वाईट ठरतो, कारण खाच एका जागी असते तर हा दोष सबंध कडेला असतो.

मजुरीच्या बरोबरीने प्रवासाच्या दोन फेऱ्या, कापलेल्या उघड्या पोलादावर पुन्हा ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर), आधीच्या आणि नंतरच्या चाचणीची मिळून शंभरएक काडतुसे आणि पिस्तूल हाती नसण्याचे दिवस, हे सर्व मांडावे. परवान्यावर काडतुसांचा वार्षिक कोटा लिहिलेला असतो. त्यातील शंभर काडतुसे चाचणीला गेली तर सरावाला किती उरतात, हेही पाहावे. या सर्वांची रक्कम काढून तेवढ्यात काडतुसांची किती खोकी येतात ते मोजावे, म्हणजे तुलना डोळ्यांसमोर राहते.

दुसरीकडे नवी नळी हा पर्याय आपल्याकडे जवळजवळ नाहीच. शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे नळी दुकानातून सहज विकत आणता येत नाही. आणि १९८० च्या दशकापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आणण्यावर निर्बंध असल्याने जुन्या परदेशी पिस्तुलाची नळी मिळणे त्याहूनही कठीण झाले आहे. म्हणून जेथे दोष सिद्ध झाला आहे आणि नळी आतून चांगली आहे, तेथे आपल्याकडे क्राऊन कापून घेणे इतर देशांपेक्षा अधिक परवडते, असे माझे मत आहे.

कोणाकडे न्यावे

बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे येथे असे टर्नर आहेत की शंभरावा भाग मिलिमीटर त्यांच्या बोटांना कळतो. हायड्रॉलिक्सचे सुटे भाग आयुष्यभर केलेल्या माणसाला हे काम अवघड नाही. म्हणूनच ‘नळी तेवढी सोडवून देतो, करून द्या’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळला पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. नळी हा शस्त्राचाच भाग असल्यामुळे ती परवाना नसलेल्या लेथवाल्याच्या हाती देणे म्हणजे त्यालाही गुन्ह्यात ओढणे. मी स्वतः हे काम करू शकतो, आणि करीत नाही, ते याच कारणाने.

कलम ६ प्रमाणे परवान्याविना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. क्राऊन कापताना निघणारा धातू कागदाच्या जाडीइतका असला तरी काम परवानाधारकाकडूनच झाले आहे आणि लांबी किती होती व किती राहिली, हे पावतीवर लिहून घ्यावे. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरील क्रमांक आणि खुणा पुसणे निषिद्ध आहे. तोंडाजवळ एखादी खूण असेल तर कारागिराला आधी दाखवावी, आणि पॉलिश करताना तिला हात लावू नका असे स्पष्ट सांगावे.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, आणि राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून जाणे त्याला रोजचे वाटते. परंतु परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो हे परवान्यावरच लिहिलेले असते. क्षेत्र फक्त कर्नाटकाचे असेल तर पिस्तूल घेऊन महाराष्ट्रात जाता येत नाही, मग कारागीर कितीही चांगला आणि कितीही जवळ असो. निघण्याआधी परवान्याचे ते पान वाचावे. क्षेत्र वाढवून हवे असेल तर ज्या कार्यालयाने परवाना दिला तेथे, म्हणजे डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) किंवा शहरात असल्यास पोलीस आयुक्तालयात, रीतसर अर्ज करावा. मूळ परवाना सोबत असावा आणि पिस्तूल सोपवताना क्रमांकासहित पावती घ्यावी.

कारागिराला काय विचारावे

पहिला प्रश्न एकच विचारावा: “सेटिंग कशावरून करणार, बाहेरच्या व्यासावरून की आतल्या भोकावरून?” नळीचे भोक बाहेरच्या अंगाशी तंतोतंत एककेंद्री असतेच असे नाही, म्हणून भोकात घट्ट बसणारा पिन घालून, फोर जॉ चकमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) डायल (सूक्ष्म मापाचे घड्याळ) लावून, काटा शतांश मिलिमीटरच्या आत आणावा लागतो. उत्तर ‘बाहेरून’ असे आले तर नमस्कार करून परत यावे. रिव्हॉल्व्हरची किंवा फ्रेमला जोडलेली नळी लेथवर धरता येत नाही. तेथे भोकात बसणारा मार्गदर्शक दांडा असलेला हाताचा कटर वापरतात. तो दांडा भोकात सैल असेल तर कटर डगमगतो, म्हणून त्याच कॅलिबरचा (भोकाच्या मापाचा), नीट बसणारा दांडा आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

शेवटचा हात आतून बाहेर जाणारा असावा, म्हणजे बर भोकात न ढकलता बाहेर निघते. गोल डोक्याचा पितळी स्क्रू आणि लॅपिंग पेस्ट (धातू घासण्याचे बारीक मलम) लावून कड साफ करण्याची जुनी युक्ती पुष्कळ जण वापरतात. किंचित बर काढायला ती उपयोगी आहे, कारण गोल डोके भोकात आपोआप मध्यावर बसते. परंतु झिजलेली किंवा तिरकी कड तिने सरळ होत नाही आणि पेस्ट चरांत उतरली तर नळी आतून घासते. कारागीर ती वापरणार असेल तर नळीत आधी कापडाचा बोळा घातला आहे ना, हे विचारावे. नळीला आतून क्रोमचा थर असेल तर तेही त्याला आधी सांगावे, कारण कापलेल्या कडेवर तो थर राहत नाही आणि ती जागा पुढे अधिक जपावी लागते.

परत आल्यावर

घरी आणल्यावर प्रथम कापसाच्या काडीने तीच तपासणी करावी. मग रेंजवर साईट पुन्हा लावून घ्यावी, कारण गोळ्या पडण्याची जागा थोडी सरकलेली असू शकते. त्यानंतर त्याच बॅचच्या काडतुसांनी, पिशव्यांवरून, पूर्वीसारखेच पाच ग्रुप मारून जुन्या कागदांशेजारी ठेवावेत. दोन सरासरींमधला फरक एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर तो केवळ योगायोग असू शकतो आणि त्यावरून काम यशस्वी झाले असे म्हणू नये. काकांच्या पिस्तुलाचा ११० मिलिमीटरचा ग्रुप ६५ वर आला. एवढा फरक योगायोगाने पडत नाही.

सफाईची पद्धत बदलली नाही तर नवा क्राऊनही टिकणार नाही. जेथे शक्य असेल तेथे चेंबरकडून तोंडाकडे ओढायची दोरी वापरावी. जेथे तोंडाकडूनच सळई घालावी लागते तेथे तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लास्टिकची टोपी वापरावी, म्हणजे सळई मध्यातून जाते. सळई प्रत्येक वेळी आत घालण्यापूर्वी पुसावी. पावसाळ्यात पिस्तूल चामड्यात ठेवू नये. तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावे आणि दर १५ दिवसांनी तोंड पाहावे. काकांनी होल्स्टर आता खुंटीला टांगला आहे. पावसाळा संपला की मी त्यांच्या ओसरीवर जातो आणि ते पिस्तूल रिकामे करून माझ्यासमोर धरतात. गेल्या ऑक्टोबरात सहाही उंचवट्यांवरून कापूस सरळ निघून आला.